आजी विसरतात, सून थकते : आपला गट काय करू शकतो?



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. मी ज्या गावांत सीआरपी म्हणून जाते, त्यातल्या एका गटाची साप्ताहिक बैठक चालू होती. हजेरी घेताना एक नाव आलं. गैरहजर. मागच्या आठवड्यातही गैरहजर, त्याच्या आधीही. नियमाप्रमाणे दहा रुपये दंड लिहिला. तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "ती कशाला येतेय? सासूला उपाशी ठेवते म्हणे. म्हातारी स्वतः सांगत होती, दोन दिवस जेवले नाही म्हणून." दुसरी म्हणाली, "करावं तसं भरावं." मीही गप्पच राहिले. रजिस्टरवर सही केली आणि पुढच्या गावाला निघाले.

पुढे त्या ताईचा कर्जाचा हप्ता थकला, म्हणून मी आणि गटाच्या अध्यक्षा तिच्या घरी गेलो. भर दुपारी दाराला आतून कुलूप. ताईने दार उघडलं. डोळे खोल गेलेले, केस विंचरलेले नाहीत. सासूबाई भिंतीला टेकून गोधडीचे टाके उसवत बसल्या होत्या. आमच्यासमोरच ताईने त्यांना वरणात भाकरी कुस्करून भरवली. ती ताट धुवायला मागच्या दारी गेली, तोच सासूबाई मला म्हणाल्या, "बाई, ही मला खायला देत नाही गं. सकाळपासून पोटात काही नाही."

त्यांच्या ओठाला वरण अजून तसंच होतं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ताईने मागून ऐकलं होतं. ती म्हणाली, "रोजचं आहे. रात्री तीनदा उठतात, दार उघडून विहिरीकडे जातात. म्हणून कुलूप लावते. बैठकीला आले तर मागे कोण बघणार? बचतीचे पैसे मी मुलीबरोबर पाठवले, पण दंडाचे कुठून आणू?"

त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी कळल्या. सासूबाई आजारी होत्या, आणि त्या आजाराचा दंड आपण सुनेकडून वसूल करत होतो.

हा म्हातारचळ नाही, आजार आहे

अशा माणसाला आपल्याकडे चटकन नाव ठेवलं जातं. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देतात, नाहीतर 'मुद्दाम करते' म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेतात. पण या आजाराला नाव आहे : डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आधी ताज्या गोष्टी पुसल्या जातात, जुन्या बराच काळ शाबूत राहतात. म्हणून आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, माहेरच्या बैलांची नावं आठवतात, पण तासाभरापूर्वी आपण जेवलो हे आठवत नाही. 'जेवले नाही' म्हणताना त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्यापुरतं ते खरंच असतं.

या आजाराचे प्रकार आहेत. सगळ्यात जास्त आढळतो तो अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याची पहिली माहिती मांडली, म्हणून त्यांचं नाव. दुसरा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा. बीपी आणि साखर वर्षानुवर्षं आटोक्यात नसली की मेंदूला रक्त कमी पडतं, लहान लहान झटके येतात, आणि प्रत्येक झटक्याबरोबर समज थोडी खाली येते.

ही दुर्मिळ गोष्ट नाही. आपल्या देशात झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या आधारे अंदाज काढला गेला, की साठीच्या पुढच्या शंभरात सातांहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे. देशभरात मिळून सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्या गावात साठीच्या वरचे दोनशे जण असतील, तर या हिशेबाने चौदा-पंधरा घरांत हा आजार असू शकतो. तुम्हाला त्यातली किती घरं माहीत आहेत? बाकीची दारं बहुतेक आतून बंद असतील.

साधं विसरणं कुठलं आणि आजाराचं कुठलं?

वय झालं की थोडं विसरायला होतंच. फरक असा ओळखा :

- चष्मा कुठे ठेवला ते विसरणं साधं आहे. चष्मा कशासाठी असतो तेच न कळणं साधं नाही.
- भाजीत मीठ घालायचं एखाद्या दिवशी राहून गेलं, हे कुणाचंही होतं. आयुष्यभर केलेली भाकरी कशी थापायची हेच सुचेना, तर लक्ष द्या.
- नातवंडांना एकमेकांच्या नावाने हाक मारणं साधं. पोटच्या मुलाला 'हा कोण?' म्हणून विचारणं साधं नाही.
- बाजारात थोडं चुकल्यासारखं होणं साधं. स्वतःच्या गल्लीत घर न सापडणं साधं नाही.

याशिवाय पैशाचा हिशेब न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वस्तू कणगीत किंवा उशीखाली लपवून 'चोरी झाली' म्हणणं, शांत बाई एकाएकी संशयी किंवा तापट होणं, दिवेलागणीला अस्वस्थ होऊन 'मला माझ्या घरी जायचंय' म्हणणं, हीही लक्षणं आहेत. ती महिनोन् महिने वाढत जात असतील, तर डॉक्टरांकडे न्यायचंच.

आधी तपासणी, मग शिक्का

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. विसरणारं प्रत्येक माणूस डिमेन्शियाचं नसतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईडचा त्रास, मनाची उदासी, काही औषधांचा परिणाम यांमुळेही माणूस विसरतं, गोंधळतं. ही कारणं उपचाराने सुधारू शकतात. कमी ऐकू येणारी आजी उत्तर चुकीचं देते आणि आपण म्हणतो, डोकं चालत नाही. म्हणून रक्ताची तपासणी, कान, डोळे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

आणि एक-दोन दिवसांत अचानक बडबड, भ्रम, गुंगी सुरू झाली, तर ते वेगळं. लघवीचा संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, साखर खाली जाणं अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर तो लकव्याचा झटका आहे. घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच १०८ ला फोन करा.

तपासणीची सुरुवात कुठून करायची? आपल्या आशाताईंपासून. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म त्या भरतात. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत : उभं राहताना-चालताना तोल जातो का, खाणं, कपडे, अंघोळ, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. हे प्रश्न आपल्याच कामाचे आहेत. पण घाईत फॉर्म भरला जातो आणि सून शेजारी उभी असूनही तिला कुणी विचारत नाही. तेव्हा आशाताईंना सांगा, 'आमच्या आजींचं हे पान नीट भरा, आणि उत्तर मला विचारा.' पुढे उपकेंद्रातले, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि गरज पडली तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, अशी वाट आहे. वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी ही आयुष्मान आरोग्य मंदिराच्या ठरलेल्या सेवांपैकी एक आहे. ती मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

डिमेन्शिया पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही जणांची लक्षणं काही काळ आटोक्यात राहतात, त्या डॉक्टरच ठरवतील. पण 'आठवण परत आणतो' म्हणून कुणी हजारोंचं औषध विकत असेल, तर त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका.

घरात काय उपयोगी पडतं

ज्या ताया सांभाळतात, त्यांच्या अनुभवातून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यातून आलेल्या या गोष्टी :

वाद घालू नका. 'आत्ताच तर जेवलात!' म्हटलं की भांडण पेटतं. त्याऐवजी 'हो, भाकरी टाकतेय, तोवर हे घ्या' म्हणून केळं किंवा दोन घास द्या. माणूस शांत होतं.

एका वेळी एकच गोष्ट सांगा. 'उठा, तोंड धुवा, लुगडं बदला, चहाला या' हे चार हुकूम त्यांच्या डोक्यात मावत नाहीत. 'चला, उठू या' एवढंच म्हणा. समोर उभं राहून, हळू, डोळ्यात बघून.

दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. उठणं, अंघोळ, जेवण, झोप रोज त्याच वेळी. दिवसा उन्हात थोडं बसवा, चालवा, म्हणजे रात्री झोप लागते. शेंगा सोलणं, गहू निवडणं, वाती वळणं अशी हातातली कामं द्या. नीट झाली नाहीत तरी चालेल. काम हातात असलं की जीव रमतो.

घर सुरक्षित करा. गॅसचा रेग्युलेटर काम झाल्यावर बंद. फवारणीचं औषध, रॉकेल, गोळ्या कुलपात. विहिरीला झाकण किंवा कठडा. मोरीत पाणी साचू देऊ नका, रात्री एक दिवा चालू ठेवा. पदराच्या गाठीत किंवा खिशात नाव, गाव आणि घरचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दोन शेजारणींना सांगून ठेवा, 'आजी एकट्या दिसल्या तर थांबवा.'

लघवीसाठी दर दोन-अडीच तासांनी आपणहून न्या. अंथरुणाला खिळल्या असतील तर दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना बसवूनच भरवा, आडवं करून नाही, घास श्वासनलिकेत जातो.

आणि हे करू नका : बांधून ठेवू नका, मारू नका, आपल्या मनाने झोपेची गोळी देऊ नका. हात उचलावासा वाटला तर तो क्षण ओळखा. त्यांना सुरक्षित बसवा आणि पाच मिनिटं अंगणात जा. असं वाटणारी बाई वाईट नसते, थकलेली असते.

सांभाळणारीला कोण सांभाळणार?

आता मुद्द्याचं. वरचं सगळं करणारी घरात बहुतेक एकच असते. मुलगा कामाला बाहेरगावी. दीर-जाऊ म्हणतात, 'तुमच्याकडे आहेत ना.' नणंद दिवाळीला येते आणि म्हणते, 'माझ्या आईचे किती हाल केलेत.' सुनेची मजुरी बुडते, झोप बुडते, तिचं स्वतःचं बीपी कुणी मोजत नाही. अशा बाईला उदासी येते, चिडचिड होते, जीव नकोसा होतो.

यावर उपाय आपल्या शेजारच्या गोव्यात करून बघितला गेला आहे. तिथल्या दोन तालुक्यांत डिमेन्शियाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही घरांत सहा महिने स्थानिक माणसं नियमित जात होती. ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. कोंकणी बोलणारी, बारावीपर्यंत शिकलेली साधी माणसं, थोडं प्रशिक्षण घेतलेली. मागे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. ती घरी बसायची, आजाराची माहिती द्यायची, अशा वागण्याला कसं सामोरं जायचं ते सांगायची, सांभाळणारीचं ऐकून घ्यायची. आजार काही बरा झाला नाही. पण ज्या घरांत ती गेली, तिथल्या सांभाळणाऱ्यांच्या मनाचा त्रास आणि ओझं बाकीच्यांपेक्षा कमी झालं.

विचार करा, बारावी शिकलेली, गावची भाषा बोलणारी, घरोघर जाणारी बाई. ती तर आपल्या प्रत्येक गटात आहे. आपल्याकडे दर आठवड्याला भेटण्याची सवय आहे, विश्वास आहे, रजिस्टर आहे. फक्त त्या रजिस्टरात बचत आणि कर्ज यांच्या जोडीला हाही विषय आला पाहिजे.

गट आणि ग्रामसंघ काय करू शकतात

त्या गटाने पुढे जे केलं, ते इथे लिहिते. कुठल्याही गटाला जमेल असं आहे.

१. दंड माफ. आजारी माणूस सांभाळणाऱ्या सदस्येला गैरहजेरीचा दंड लावायचा नाही, असा ठराव घेतला आणि मागचा दंडही काढून टाकला. बचत घरून घेतली तरी हजेरी धरायची.

२. महिन्यातली एक बैठक तिच्या अंगणात. तिला बाहेर पडता येत नाही, तर गट आत जाईल. सासूबाईही बायकांत बसतात.

३. दोन तासांची पाळी. आठवड्यातून एकदा एक सदस्य तिच्या घरी दोन तास बसते. पैसे नाहीत, उपकार नाहीत, पेरणीच्या वेळी आपण इर्जिक करतो तसं. त्या दोन तासांत ताई झोपेल, बाजारात जाईल की नुसती बसेल, ते तिचं तिने ठरवायचं. सासूबाईंना रोज तीच माणसं दिसावीत म्हणून तिघींचीच नावं ठरवली.

४. घरच्यांशी बोलणं. अध्यक्षा आणि दोन वडीलधाऱ्या बायका नवऱ्याशी आणि दिराशी बोलल्या. सुट्टीच्या दिवशी अंघोळ आणि रात्रीची जाग मुलाने करायची असं ठरलं. आई त्याची आहे.

५. हप्त्याची मुदत. कर्ज बुडवायचं नाही, पण हप्ता लहान करून मुदत वाढवली. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल, तर अशा घरासाठी ठराव मांडता येतो.

६. यादी. ग्रामसंघाने घराघरातून माहिती घेतली : साठीच्या वरचे किती, अंथरुणाला खिळलेले किती, विसरणारे किती, एकटे राहणारे किती, आणि त्यांना सांभाळतं कोण. ही यादी गाव गरिबी निर्मूलन आराखड्यात घालून ग्रामसभेत मांडली की मागणीला वजन येतं. आरोग्य केंद्रात महिन्यातला एक दिवस वृद्धांच्या तपासणीचा, विहिरींना कठडे, वृद्धांना दुपारी बसायला एक खोली, अशा मागण्या करता येतात.

हक्काच्या सेवा, लिहून ठेवा

- एल्डरलाइन १४५६७ : ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत फोन. रोज सकाळी ८ ते रात्री ८. माहिती, सल्ला, छळ किंवा बेवारस वृद्ध यांबाबत मदत.
- टेलि-मानस १४४१६ : मनाच्या त्रासासाठी मोफत फोन, दिवसरात्र, मराठीत. हा सांभाळणारीसाठीही आहे. 'मला सहन होत नाही' एवढं म्हणायला सुद्धा फोन करता येतो.
- श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना : ६५ वर्षांवरच्या, वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांना महिना १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.
- मुख्यमंत्री वयोश्री योजना : ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत हवं.
- आयुष्मान वय वंदना कार्ड : ७० वर्षांवरच्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट नाही. दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत.

या कामांना उशीर करू नका. आधार, बँक खातं, वारसाचं नाव, शेतीची कागदपत्रं, मृत्युपत्र हे सगळं समज शाबूत आहे तोवरच करून घ्या. नंतर अंगठा कुणीही लावून घेतं.

आपली स्वतःची काळजी

आज आपण चाळीस-पन्नाशीत आहोत. पुढे आपलं काय? २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या आयुष्यभर टाळल्या तर जगातल्या शंभरातल्या सुमारे ४५ केसेस टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बीपी, साखर, बिडी-सिगारेट, दारू, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, डोक्याला मार, उदासी, एकटेपण आणि लहानपणी शिक्षण न मिळणं हे सगळं आहे. म्हणजे बीपीची गोळी न चुकवणं, मोतीबिंदू काढून घेणं, मुलीला शाळेतून न काढणं ही मेंदूचीच राखण आहे. आणि एकटं न पडणं! आपली दर आठवड्याची बैठक त्यासाठीही आहे.

त्या घरी मी मागच्या महिन्यात गेले होते. सासूबाईंचा आजार थोडा वाढलाय. मला बघून त्या पुन्हा म्हणाल्या, "बाई, ही मला जेवायला देत नाही." पाळीला आलेल्या शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "मग चला आक्का, आपण दोघी दोन घास खाऊ." सासूबाई खुश. ताई आत झोपली होती, दुपारी, दार उघडं ठेवून.

तेव्हा पुढच्या बैठकीत कुणी सलग तीनदा गैरहजर दिसली, तर दंड लिहिण्याआधी दोघीजणी तिच्या घरी जाऊन या.